न्गुगीच्या आठवणींची चार पुस्तकं : सगळी घेऊ नका, पण पहिलं सोडू नका

चारही पुस्तकं एकदम मागवू नका, हे आधीच सांगून टाकते. पहिलं हातातून सुटत नाही. दुसऱ्यात रेंगाळायला होतं, आणि तिथंच कंटाळून थांबलात तर चौथ्यापर्यंत पोचणार नाही. चौथं तर तुरुंगातलं आहे, ते राहून गेलं तर मोठंच नुकसान.

लेखक न्गुगी वा थिओंगो. केनियाचा कादंबरीकार, नाटककार आणि जन्मभर साहित्य शिकवणारा प्राध्यापक. जन्म ५ जानेवारी १९३८चा, लिमुरूजवळच्या कामिरिथू गावातला. २८ मे २०२५ला अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात वारला, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन. दर ऑक्टोबरात नोबेलसाठी त्याचं नाव चर्चेत यायचं, मिळालं मात्र नाही. आमच्याकडच्या नेट-सेटवाल्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला बसणाऱ्या, पोरापोरींना तो एका ओळीपुरता माहीत असतो : इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिणं सोडलं आणि आपल्या गिकुयू भाषेत लिहायला लागला. गाइडमध्ये तेवढंच दिलेलं असतं आणि परीक्षेतही तेवढंच विचारतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातली. कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, इंग्रजी शिकवते, घरी पऱ्हाटी आणि तूर. सीएचबीच्या पैशांत बाहेरची इंग्रजी पुस्तकं परवडत नाहीत, म्हणून घेताना दहादा विचार करावा लागतो. आधी एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पाहिलं. गावाचा पिनकोड टाकला की ‘या पत्त्यावर पोचवता येत नाही’ असं यायचं. दुसऱ्या एका विक्रेत्यानं ऑर्डर घेतली, पण कुरिअरवाला तालुक्यापर्यंतच आला आणि तिथून फोन करून म्हणाला, मॅडम, येऊन घेऊन जा. शेवटी पोस्टानं पाठवणारा एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी सापडला. त्याचं पार्सल आमच्या शाखा डाकघरात बिनबोभाट पोचलं आणि डाकसेवकानं घरपोच आणून दिलं. खेड्यात राहत असाल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, पोस्टानं पाठवता का?

आता पहिलं पुस्तक, ‘ड्रीम्स इन अ टाइम ऑफ वॉर’. २०१०चं. त्यात त्याचं बालपण आहे, साधारण १९५५पर्यंतचं. बापाच्या चार बायका, मुलं चोवीस. न्गुगी तिसरीच्या पोटचा. चार बायकांची चार घरं एकाच अंगणाभोवती, आणि रात्री थोरलीच्या घरी शेकोटीशी गोष्टी. हा सगळा भाग इतका भरलेला आहे की कोण कोणाची आई हे ध्यानात ठेवायला मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं वंशावळ काढली. तुम्हीही काढा, सोपं जाईल.

पण मला धरून ठेवलं ते जमिनीच्या प्रकरणानं. बापानं जमीन विकत घेतली होती जुन्या पद्धतीनं, साक्षीदारांसमोर, शब्दावर आणि शेळ्या देऊन. पुढं त्याच विकणाऱ्यानं तीच जमीन रेव्हरंड काहाहू नावाच्या शिकलेल्या चर्चवाल्या माणसाला विकली, ह्या वेळी लेखी. भांडण कोर्टात गेलं आणि कोर्टानं कागद पाहिला. बाप आपल्याच जमिनीवर परका झाला. पुढं त्याच काहाहूच्या मळ्यात ह्या घरातली पोरं फुलं तोडायला मजुरीनं जायची. पायरेथ्रमची फुलं, त्यांच्यापासून कीटकनाशक करतात.

हा भाग मी मायला वऱ्हाडीत सांगितला. संध्याकाळी ती सुपात तूर पाखडत बसली होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. म्हणाली, “काय वं, तिकडं बी तलाठी रायते काय?” मी म्हटलं, तलाठी नाही, पण कोर्ट आहे, गोरा साहेब आहे. “मंग एकच झालं. त्याच्या बापानं फेरफार करून घ्याले पायजे होता.” तिला त्या बापाची कीव नाही आली, राग आला. आमच्या घरी आज्यानं धुऱ्यालगतचं वावर तोंडी व्यवहारात घेतलं होतं आणि सातबाऱ्यावर नाव चढलंच नाही, ते सगळं तिच्या डोळ्यांसमोरचं. मला वाटतं ह्या पुस्तकाचं परीक्षण मायनंच लिहायला पाहिजे होतं.

आणि न्गुगीची माय, वांजिकू. तिला अक्षरओळख नाही. १९४७ साली एका रात्री ती पोराला विचारते, शाळेत जातोस का? आणि लगेच कबूल करून घेते की दुपारी खायला मिळालं नाही तरी शाळा सोडायची नाही, आणि जे करशील ते जिवापाड करायचं. पुढं पोरगं चांगले मार्क घेऊन आलं की तिचा एकच सवाल, याहून चांगलं तुला जमलं नसतं का? पहिला आला तरी तोच सवाल. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलींच्या आया मी पाहिल्या आहेत, ॲडमिशनच्या दिवशी लुगड्याच्या गाठीतून पैसे सोडणाऱ्या. त्या हा सवाल विचारत नाहीत, कारण पोरगी एवढी शिकली हेच त्यांना खूप वाटतं. वांजिकू वेगळीच बाई होती.

बापाची गुरं रोगानं मेली, जमीन गेली, आणि मग तो बायकोला मारायला लागला. ती माहेरी निघून गेली. काही दिवसांनी बापानं ह्याला आणि धाकट्या भावाला अंगणात खेळताना उठवलं आणि सांगितलं, तुमच्या आईकडे जा. न्गुगी हे रडारड न करता लिहितो, म्हणूनच ते लागतं.

मग १९५२ येतं, आणीबाणी आणि माऊ माऊ, म्हणजे इंग्रज राजवटीविरुद्धचं मुख्यतः गिकुयू लोकांचं बंड. थोरला भाऊ गुड वॉलेस पोलिसांच्या हातून निसटून जंगलात बंडखोरांकडे गेला, तर सावत्र भाऊ काबाए सरकारकडे नोकरीला. घर एक आणि अंगणाच्या दोन बाजूंना दोन फौजा. पोराची परीक्षा जवळ आली तेव्हा वॉलेस रात्रीचा, जीव धोक्यात घालून, केवळ शुभेच्छा द्यायला घरी येऊन गेला. दुसरा सावत्र भाऊ गितोगो बहिरा होता. सैनिकानं थांब म्हटलेलं त्याला ऐकू आलं नाही आणि गोळी लागली. एवढ्या सगळ्यात पोराला अलायन्स हायस्कूलमध्ये प्रवेश मिळतो, केनियातली आफ्रिकी मुलांसाठीची सर्वांत नावाजलेली शाळा, पण गिकुयूंना प्रवासाचा परवाना लागायचा आणि तो ह्याच्याकडे नाही. सोबतची मुलं गाडीत बसून गेली. ह्याला शेवटी मालगाडीत घालून पाठवलं. पुस्तक साधारण तिथं संपतं. मी ते रात्री वाचत होते आणि लाइन गेली, तर मोबाइलच्या उजेडात संपवलं.

इंग्रजी सोपं आहे. वाक्यं लहान. बारावी झालेल्या कोणालाही शब्दकोश जवळ ठेवून जमेल. गिकुयू नावांवर अडखळाल, पण ती चार पानांत जिभेवर बसतात.

दुसरं पुस्तक, ‘इन द हाउस ऑफ द इंटरप्रिटर’, २०१२चं, अलायन्समधल्या चार वर्षांचं. सुरुवात जबरदस्त. पहिल्या सत्राची सुट्टी लागली म्हणून गणवेशातलं पोरगं घरी परतलं तर गावच जागेवर नाही. इंग्रजांनी घरं मोडून लोकांना पहाऱ्याखालच्या नव्या वस्तीत कोंबलं होतं. माझ्या मामाचं गाव धरणात गेलं, त्याला नोटिसा आल्या होत्या, मोबदल्याची भांडणं झाली होती, नवीन गावठाण दाखवलं होतं. इथं ह्या पोराला घर कुठं गेलं हेही शेजारणीकडून कळलं. त्यानंतर मात्र पुस्तक शाळेत शिरतं. मुख्याध्यापक केरी फ्रान्सिस, प्रार्थना, बुद्धिबळ, शेक्सपिअरची नाटकं, वादविवाद मंडळ. फाटकाच्या आत शेक्सपिअर आणि फाटकाबाहेर बंदूक, हा विरोध चांगला आहे, पण तो एकदा कळला की पुन्हा पुन्हा सांगायची गरज नव्हती. मधली पानं मी भराभर उलटली. शेवटी शाळा संपवलेल्या पोराला पोलिस बसमधून उतरवून अटक करतात, तिथं परत जीव येतो.

तिसरं, ‘बर्थ ऑफ अ ड्रीम वीव्हर’, २०१६चं, युगांडातल्या मकेरेरे कॉलेजातलं. इथं तो लेखक झाला. १९६२ साली मकेरेरेत आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. विद्यार्थी असलेल्या ह्यानं नायजेरियाचा कादंबरीकार चिनुआ अचेबे याच्या हातात हस्तलिखित दिलं आणि त्यातून पुढं हायनेमनच्या आफ्रिकन रायटर्स मालिकेत १९६४ला ‘वीप नॉट, चाइल्ड’ आली. तेव्हा त्याचं नाव जेम्स न्गुगी होतं, जेम्स त्यानं नंतर टाकून दिलं. नाटक-साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे घ्यावं. बाकीच्यांनी लायब्ररीतून आणावं, कारण नावांची गर्दी फार आहे, आणि नियतकालिकं, संपादक, मंत्री ह्यांच्यात त्याची बायको न्याम्बुरा मला तरी फारच थोडी दिसली.

तिच्याबद्दल एक गोष्ट लपवून ठेवून परीक्षण लिहिणं मला बरं वाटत नाही. २०२४ साली त्याचा मुलगा मुकोमा वा न्गुगी, जो स्वतः लेखक आणि प्राध्यापक आहे, त्यानं जाहीरपणे लिहिलं की वडील आईला मारायचे. पहिल्या पुस्तकात मार खाऊन माहेरी गेलेल्या आईबद्दल इतकं नितळ लिहिणारा माणूस, आणि हे. मी पुस्तक फेकून नाही दिलं. पण वर्गात त्याच्याबद्दल बोलते तेव्हा आता हेही सांगते, आणि मागच्या बाकावरच्या पोरी एकदम मान वर करून बघतात.

चौथं, ‘रेसलिंग विथ द डेव्हिल’. १९८१ला ‘डिटेन्ड’ नावानं आलेल्या तुरुंगाच्या डायरीची ही २०१८ची नवी, आटोपशीर आवृत्ती. जुनी मिळाली तर जुनी घ्या, त्यात राग जास्त ताजा आहे.

काय झालं होतं, तर १९७६ साली कामिरिथूतली एक बाई सकाळी सकाळी ह्याच्या घरी आली. तुम्ही एवढे शिकलेले, गावासाठी काही करा, म्हणाली. त्यातून प्रौढ साक्षरता वर्ग आणि गावाचं नाटक उभं राहिलं. न्गुगी वा मिरी ह्या सहकाऱ्याबरोबर त्यानं ‘न्गाहिका न्देन्दा’ लिहिलं, म्हणजे ‘मला हवं तेव्हा मी लग्न करीन’. तालमी उघड्यावर चालायच्या आणि गावकरी संवाद दुरुस्त करायचे, म्हातारे असं बोलत नाहीत, हे गाणं असं नाही. उघडं थिएटर लोकांनी स्वतः बांधलं. नट म्हणजे शेतमजूर, चहाच्या मळ्यातले कामगार, लिमुरूच्या बाटा कारखान्यातले कामगार. होय, आपल्या पायातल्या चपलांचं बाटा.

माझी मावशी नागभीडकडं दिलेली आहे, त्यामुळं झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली, नाटकं मी लहानपणापासून पाहिली आहेत. धान घरात आलं की मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक, थंडीत घोंगडी पांघरून जमिनीवर बसलेलं गाव. त्यामुळं कामिरिथूत लोक लांबून लांबून का यायचे हे मला समजावून सांगावं लागलं नाही. फरक एवढाच की तिकडच्या नाटकात गावातल्या शेतमजुराची जमीन लाटणारा बडा माणूस दाखवला होता आणि प्रेक्षक त्याला नावानिशी ओळखत होते. नोव्हेंबर १९७७मध्ये सरकारनं परवाना काढून घेतला. ३१ डिसेंबरच्या आगेमागे मध्यरात्री पोलिस घरी आले. खटला नाही, आरोप नाही. कामिती तुरुंगात तो ‘के६,७७’ नंबरचा कैदी झाला.

इथली गंमत बघा. त्याच वर्षी जुलैत त्याची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी निघाली होती. त्यातही सत्ताधाऱ्यांवर आसूडच होते, पण तिचं प्रकाशन अर्थमंत्री म्वाई किबाकी यांच्या हस्ते झालं. साहेबी भाषेत साडेतीनशे पानं शिव्या दिल्या तर मंत्री हार घालून घेतात आणि गावाच्या बोलीत एक नाटक केलं तर बेडी. न्गुगीची भाषेची सगळी भूमिका, ज्यावर आम्ही परीक्षेत दहा मार्कांची उत्तरं लिहितो, ती ह्या एका वर्षातून आलेली आहे. गाइडमध्ये हे कधीच सापडत नाही.

तुरुंगात त्यानं गिकुयूत कादंबरी लिहिली, संडासच्या कागदावर. तो कागद इतका खरखरीत होता की लेखणी छान चालायची, हे तो मिश्किलपणे नोंदवतो. झडतीत हस्तलिखित जप्त झालं आणि काही आठवड्यांनी अधिकाऱ्यानं परत केलं, फार अवघड गिकुयू लिहिता म्हणून. हीच ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’. आमच्या पैनगंगेपलीकडं आदिलाबाद, तिकडची भाषा तेलुगू. त्या तेलुगूत ही कादंबरी कवी वरवरा राव यांनी स्वतः तुरुंगात असताना आणली. दरम्यान न्गुगीला मुलगी झाली, ती त्यानं आधी फोटोत पाहिली. राष्ट्राध्यक्ष केन्याटा वारले, त्यांच्या जागी मोई आले, आणि १२ डिसेंबर १९७८ला हा सुटला. विद्यापीठातली नोकरी मात्र परत मिळाली नाही.

आता ह्या संचाची मोठी उणीव. चारही पुस्तकं मिळून प्राध्यापक न्गुगी जवळजवळ सापडतच नाही. १९६८ साली नैरोबीत त्यानं हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग यांच्यासोबत एक टिपण सादर केलं, इंग्रजी विभाग बरखास्त करा, असं. मुद्दा साधा होता. आफ्रिकेतल्या विद्यापीठात आफ्रिकेचं साहित्य आणि मौखिक परंपरा मध्यभागी ठेवा, बाकी जग तिच्याभोवती. विभागाचं नाव आणि अभ्यासक्रम खरोखर बदलले. मी एम.ए. केलं तेव्हा सुरुवात चॉसरपासून झाली, आणि जात्यावरच्या ओव्या, दंडार, आमच्या कोलाम पाड्यांवरची गाणी कुठल्याच पेपरात नव्हती. ते टिपण वाचल्यावर मी तासाला एक ओवी फळ्यावर लिहायला लागले. अभ्यासक्रम पूर्ण करून उरलेल्या वेळात, हे सांगायला नको.

१९८२ला पोलिसांनी कामिरिथूचं थिएटर पाडलं. त्याच वर्षी तो लंडनला गेलेला असताना परतलास तर खैर नाही असा निरोप मिळाला आणि बावीस वर्षं परदेशात गेली. येल, मग न्यूयॉर्क विद्यापीठ, मग २००२पासून कॅलिफोर्नियात आयर्विन. १९८६ला ‘डिकॉलोनायझिंग द माइंड’ हे भाषेवरच्या निबंधांचं पुस्तक. त्याच साली ‘मातिगारी’ ही गिकुयू कादंबरी. तिची गोष्ट न्गुगीनंच सांगितलेली आहे : मातिगारी नावाचा कोणी देशभर फिरून प्रश्न विचारतो आहे अशी बातमी लागताच सरकारनं त्याला पकडायचा हुकूम काढला. तो कादंबरीतला माणूस आहे हे कळल्यावर मग पुस्तकं जप्त केली. २००४ला तो केनियात परतला तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच किबाकी होते. लोकांनी जंगी स्वागत केलं, आणि काही दिवसांत राहत्या जागी घुसून हल्लेखोरांनी त्याला आणि दुसरी पत्नी न्जीरीला छळलं. ह्यावर एक पाचवं पुस्तक हवं होतं. ते त्यानं लिहिलं असतं तर मी पहिली गिऱ्हाईक.

कागद आणि बांधणीचं सांगायचं तर पहिल्याची छपाई ठळक, चष्मेवाल्यांना चालेल. तिसऱ्याची अक्षरं बारीक आणि माझ्या प्रतीची पानं मधून सुटायला लागली आहेत, सरळ शिवून घेतली. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली प्रती घेऊ नका, माझ्या एका विद्यार्थिनीनं आणलेल्या पहिल्याच्या प्रतीत दोन प्रकरणं उलटसुलट होती.

तारे द्यायचेच तर पहिल्याला पाच, चौथ्याला साडेचार, बाकी दोघांना तीन-तीन. नेट-सेटची तयारी करत असाल तर आधी ‘डिकॉलोनायझिंग द माइंड’ घ्या, ते पातळ आहे आणि जुन्या प्रती सहज मिळतात, आणि मग पहिलं. तिसरं माझ्याकडचं द्यायला तयार आहे, शिवलेलं चालत असेल तर. पहिलं देणार नाही. त्याच्या मागच्या पानावर ती वंशावळ आहे, आणि मायला अजून गुड वॉलेस जंगलातून परत आला की नाही ते सांगायचं बाकी आहे.